‘दिलेला’ अधिकार : ख्रिस्ती धर्मग्रंथातील दैवी व मानवी सत्तेविषयीच्या विसंगतीची चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मग्रंथात राज्यसत्तेविषयी एकच एक भूमिका आढळत नाही, ही गोष्ट बायबलच्या सामान्य वाचकाच्याही ध्यानात येते. रोम येथील मंडळीला लिहिताना पौल प्रत्येकाला अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतो आणि त्यांच्या अधिकाराचा उगम देवापाशी असल्याचे कारण देतो (रोमकरांस पत्र १३:१-७). ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात मात्र पेत्र व इतर प्रेषित यरुशलेमच्या न्यायसभेची बंदी धुडकावून लावतात आणि माणसांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा थोर असल्याचे तिला तोंडावर सुनावतात (५:२९). ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या ग्रंथात तर सत्तेला समुद्रातून वर येणाऱ्या विक्राळ श्वापदाचे रूप दिलेले आहे (अध्याय १३). एकाच ग्रंथसंग्रहात सत्ता देवाची सेवक ठरते आणि देवाची वैरीणही ठरते.

या विसंगतीकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. धर्मग्रंथाचे टीकाकार तिला ग्रंथाच्या अविश्वसनीयतेचा पुरावा मानतात. धर्मग्रंथाचे समर्थक ती केवळ वरवरची असल्याचे सांगून वचनांचा मेळ घालून देतात. विरोधी असलेल्या या दोन्ही पक्षांचे एका गृहीतकावर एकमत आहे, ते म्हणजे विसंगती हा ग्रंथाचा दोष होय. या गृहीतकाचीच तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. सत्तेविषयीच्या या वचनांमागे ‘दिलेला अधिकार’ ही एकच कल्पना आहे. तिच्यातच सत्तेचे समर्थन आणि सत्तेची झडती या दोन्ही गोष्टी अंतर्भूत आहेत, त्यामुळे त्यांपैकी एकच बाजू उचलणे हे ग्रंथाचे वाचन नसून ग्रंथाचा वापर आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेपुरता मर्यादित नाही. पौलाच्या त्या सात ओव्यांचा अर्थ कसा लावायचा यावर विसाव्या शतकात जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका या देशांत माणसांचे तुरुंगात जाणे वा सुखरूप राहणे अवलंबून होते. म्हणून आधी मूळ ग्रंथातील स्थळे, नंतर समन्वयाचे प्रयत्न आणि शेवटी वाचनाचा इतिहास अशा क्रमाने ही चिकित्सा केली आहे.

१. मागितलेला राजा आणि दिलेला राजा

सत्तेविषयीचा हा ताण नव्या करारात प्रथम निर्माण झालेला नाही. त्याचे मूळ जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. आठव्या अध्यायात इस्राएलाचे वडीलजन इतर राष्ट्रांसारखा राजा मागतात. या मागणीत देव स्वतःचा अव्हेर पाहतो. शमुवेल लोकांपुढे राजाच्या वागणुकीचे जे चित्र उभे करतो त्यात ‘घेणे’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. राजा मुलांना रथांसाठी घेईल, मुलींना स्वयंपाकासाठी घेईल, शेते, द्राक्षमळे आणि चाकर घेईल, धान्याचा व कळपांचा दशांश उचलेल. शेवटी प्रजा स्वतःच त्याची गुलाम होईल आणि तेव्हाच्या तिच्या आक्रोशाला देव उत्तर देणार नाही.

नवव्या अध्यायात हे वातावरण एकाएकी पालटते. येथे देवच शमुवेलाला शौलाचा अभिषेक करण्यास सांगतो आणि आपल्या लोकांचा आक्रोश आपल्यापर्यंत पोहोचला, म्हणून पलिष्ट्यांच्या हातून त्यांना सोडविणारा पुरुष आपण पाठवीत आहोत, असे कारण देतो (९:१६). एका अध्यायात राजा हा देवाच्या अव्हेराचे फळ आहे, तर दुसऱ्या अध्यायात तो देवाच्या कृपेचे साधन आहे.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासक युलियुस वेलहाउझेन यांनी याचा उलगडा दोन परंपरांच्या आधारे केला. राजेशाहीला अनुकूल असलेला वृत्तांत प्राचीन, तर प्रतिकूल वृत्तांत राज्य बुडाल्यानंतरच्या अनुभवातून आलेला, असे त्यांचे मत होते. पुढे मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये ‘अनुवाद’पासून ‘राजे’पर्यंतचा इतिहास एका संपादक-लेखकाने जुन्या साधनांतून रचला असल्याचा सिद्धांत मांडला. या संशोधनाने विसंगती कोठून आली याचे उत्तर मिळते; ती ग्रंथात का राहू दिली याचे उत्तर मात्र मिळत नाही. ज्या हातांनी हे वृत्तांत एकत्र आणले त्यांना त्यांतील विरोध दिसला नसेल, असे मानणे कठीण आहे. बाराव्या अध्यायात वृद्ध शमुवेल लोकांना जाहीरपणे विचारतो की, आपण कोणाचा बैल किंवा कोणाचे गाढव घेतले आहे काय. राजाच्या वर्णनातील ‘घेणे’ हेच क्रियापद येथे न्यायाधीशाच्या निष्कलंकतेची कसोटी म्हणून परत येते. ही शब्दयोजना अनवधानाची वाटत नाही.

हीच कसोटी पुढे राजांना लावलेली दिसते. ‘अनुवाद’ राजाला मान्यता देतो. परंतु त्याने घोडे, बायका आणि सोने-रुपे फार वाढवू नये, नियमशास्त्राची प्रत जवळ बाळगून ती जन्मभर वाचावी आणि आपल्या बांधवांहून स्वतःला थोर समजू नये, अशा अटी घालतो (१७:१४-२०). नाबोथाला ठार मारवून त्याचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाबाला एलीया जाब विचारतो (१ राजे २१). होशेय संदेष्टा तर दोन टोके एकत्र आणतो. लोकांनी नेमलेले राजे देवाच्या संमतीवाचून नेमलेले आहेत, असे तो एके ठिकाणी म्हणतो (८:४). दुसऱ्या ठिकाणी मात्र देवाने रागाच्या भरात राजा दिला आणि क्रोधाच्या भरात तो काढून घेतला, असे त्याचे म्हणणे आहे (१३:११). म्हणजे एखादी सत्ता ‘देवाने दिली’ असे म्हटल्याने ती देवाला प्रिय आहे, असे सिद्ध होत नाही. शिवाय जे दिले ते परतही घेतले जाते.

बंडालाही या ग्रंथात कायमची सनद नाही. अलीशा संदेष्ट्याचा शिष्य येहूचा अभिषेक करतो आणि त्या बळावर येहू अहाबाच्या घराण्याचा संहार करतो (२ राजे ९-१०). त्याच इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन होईल, असे होशेय सांगतो (१:४). सत्ता उलथविणाऱ्याचीही झडती घेतली जाते, ही बाब वाचनात सहसा दुर्लक्षित राहते.

२. कैसराचे नाणे आणि पिलाताचे आसन

नव्या करारात अधिकाराचा प्रश्न रोमन साम्राज्याच्या चौकटीत उभा राहतो. इ. स. ६ मध्ये यहूदिया प्रांत थेट रोमच्या अमलाखाली आला. त्या वेळी करआकारणीसाठी झालेल्या शिरगणतीविरुद्ध गालीलकर यहूदाने उठाव केला होता. या पार्श्वभूमीवर येशूला कैसरास कर देणे योग्य की नाही, असे विचारले जाते (मार्क १२:१३-१७). हा प्रश्न म्हणजे उघड सापळा होता. होकार दिल्यास लोकांचा रोष, नकार दिल्यास राजद्रोहाचा आरोप. येशू नाणे मागवून त्यावरील प्रतिमा व लेख कोणाचा, असे विचारतो. मग कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला परत करण्यास सांगतो.

हे उत्तर पुढे धर्म आणि राज्य यांच्या वाटणीचे सूत्र म्हणून रूढ झाले. वस्तुतः या उत्तरात वाटणीची रेषा आखून दिलेली नाही. कैसराचे काय हे नाण्यावरील प्रतिमेवरून कळते; देवाचे काय, हे सांगितलेलेच नाही. ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने ही रिकामी जागा उत्पत्तीच्या पुस्तकातून भरली. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे कैसराचे. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे म्हणून माणूस देवाचा, असा त्याचा अर्थ आहे. हा अर्थ मान्य केल्यास दोन समान वाटे उरत नाहीत. कैसराकडे नाणे जाते, पण नाणे धरणारा हात त्याच्या मालकीचा होत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूवर कैसराला कर देण्यास मनाई केल्याचा आरोप ठेवला जातो (२३:२), यावरून हे उत्तर त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना निर्धोक वाटले नव्हते, असे दिसते.

योहानाच्या शुभवर्तमानातील पिलाताचा प्रसंग या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. सोडण्याचा आणि वधस्तंभावर देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे पिलात बजावतो. वरून दिला गेला नसता तर तो तुला मुळीच नसता, असे येशू उत्तरतो (१९:१०-११). या उत्तरात पिलाताच्या अधिकाराला मान्यता आहे. पण ज्या क्षणी ही मान्यता मिळते त्याच क्षणी पिलात अधिकाराचा स्वामी न राहता विश्वस्त होतो. निरपराध माणसाला मरणाच्या स्वाधीन करणारा हा विश्वस्त आपल्या कृत्याचा हिशेब देण्यास बांधील आहे. अधिकार देवाकडून आहे हे विधान येथे अधिकाऱ्याचे कवच न होता त्याच्यावरचा आरोप बनते.

३. रोमकरांस पत्र आणि प्रकटीकरण : एक शब्द, दोन दाते

पौलाने रोमकरांस पत्र साधारणतः इ. स. ५७ च्या सुमारास, नीरोच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात लिहिले, असे अभ्यासक मानतात. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवून दिल्याची आठवण तेव्हा ताजी होती. इ. स. ५८ मध्ये करवसुलीतील जुलमाविरुद्ध रोममध्ये लोकांनी वारंवार तक्रारी केल्याचे तासितस या इतिहासकाराने नोंदविले आहे. पौल प्रत्यक्षात कर भरण्याविषयी सांगत आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

तेराव्या अध्यायाचा उतारा बाराव्या अध्यायापासून तोडून वाचण्याची प्रथा आहे. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस पौल सूड घेण्यास मनाई करतो आणि तो विषय देवाच्या क्रोधावर सोपवितो. लगेच पुढे अधिकाऱ्याला तो दुष्कर्म्याला शासन करणारा देवाचा सेवक म्हणतो. उताऱ्यानंतर लगोलग शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा येते. अधिकारी हा ‘तुझ्या हितासाठी’ सेवक आहे, ही अट चौथ्या ओवीत स्पष्ट आहे. पौलाने येथे ‘आज्ञा पाळणे’ यासाठीचे नेहमीचे ग्रीक क्रियापद न वापरता ‘अधीन असणे’ या अर्थाचे क्रियापद योजले आहे, याकडेही भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. हा भेद फार ताणता येणार नाही. तरी विचारशून्य आज्ञापालन हा त्या शब्दाचा एकमेव अर्थ नाही, एवढे म्हणता येते.

याच पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात या युगाच्या अधिपतींनी अज्ञानाने गौरवशाली प्रभूला वधस्तंभावर दिले, असे म्हटले आहे (२:८). सत्तेकडून अन्याय होऊ शकतो हे त्याला ठाऊक होते. वधस्तंभावर मारल्या गेलेल्या पुरुषाचा प्रचार करणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसणे शक्यही नव्हते.

रोमकरांस पत्रात ‘अधिकार’ यासाठी ‘एक्सूसिया’ हा ग्रीक शब्द आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पिलाताच्या तोंडी हाच शब्द आहे. तो ‘मुभा असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला आहे. कैसराला कर देणे योग्य की नाही, या येशूला विचारलेल्या प्रश्नातही हेच क्रियापद आहे. म्हणजे या शब्दाच्या घडणीतच परवानगीची कल्पना आहे, आणि परवानगी म्हटली की ती देणारा कोणी तरी आला. मराठी वाचकाला याची तुलना ‘अधिकार’ या शब्दाशी करता येईल. मराठीत हा शब्द सत्ता, हक्क, हुद्दा आणि पात्रता अशा चारही अर्थांनी वावरतो. ‘अधिकारी पुरुष’ म्हणताना हुद्दा अभिप्रेत नसून पात्रता अभिप्रेत असते. हुद्दा आहे पण पात्रता नाही, या स्थितीची जाणीव शब्दातच दडलेली आहे.

‘प्रकटीकरण’ बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीस, दोमितियन कैसराच्या काळात लिहिले गेले. त्याच्या तेराव्या अध्यायात अजगर श्वापदाला आपले सामर्थ्य, आपले आसन आणि मोठा अधिकार देतो. येथेही शब्द तोच, ‘एक्सूसिया’. पुढच्या ओव्यांत श्वापदाला बेचाळीस महिने अधिकार ‘दिला गेला’, सर्व वंशांवर व राष्ट्रांवर अधिकार ‘दिला गेला’, अशी कर्मणी रचना आहे. तीत दाता कोण हे सांगितलेले नाही. अनेक भाष्यकार तीत देवाने दिलेली मुदतबंद मोकळीक पाहतात. लूकच्या शुभवर्तमानात सैतानही जगातील राज्यांचा अधिकार आपल्याला दिलेला असल्याचा दावा करतो (४:६). हे सर्व संदर्भ एकत्र ठेवले असता नव्या करारात स्वयंभू मानवी अधिकार कोठेच नाही, असे दिसते. रोमकरांस पत्र आणि ‘प्रकटीकरण’ यांचा वाद अधिकार दिलेला आहे की नाही याविषयी नाही. अमुक अधिकार कोणी, कशासाठी आणि किती काळ दिला, या प्रश्नावर ते वेगवेगळी उत्तरे देतात.

पेत्राचे पहिले पत्र या दोहोंच्या मधोमध उभे आहे. तेथेही अधीन राहण्याचा उपदेश आहे. मात्र राज्यव्यवस्थेला तेथे ‘मानवी’ असे विशेषण लावलेले आहे (२:१३). पुढे सर्वांना मान देण्यास आणि सम्राटाला मान देण्यास सांगताना क्रियापद एकच आहे. भय मात्र देवासाठी राखून ठेवले आहे (२:१७). सम्राटाला जो मान, तोच शेजारच्या माणसाला. विनयाच्या भाषेत सम्राटाला माणसांच्या रांगेत आणून बसविण्याचे हे काम आहे.

४. समन्वयाचे प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

या स्थळांचा मेळ घालण्याचे प्रमुख प्रयत्न तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रयत्न अडचणीचा उताराच वगळण्याचा आहे. रोमकरांस पत्रातील हा उतारा पौलाचा नसून मागाहून घुसडलेला आहे, असे मत जेम्स कॅलस यांनी १९६५ मध्ये मांडले. उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांचा आधार या मताला नाही. शिवाय नको असलेले वचन वगळले की विसंगती नाहीशी होते, ही पद्धत कोणत्याही ग्रंथाला लागू करता येईल. तिने समीक्षेचे काम सोपे होते, पण समीक्षा होत नाही.

दुसरा प्रयत्न दोन क्षेत्रांचा आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२३ मध्ये लौकिक सत्तेवर लिहिताना तिचा अंमल शरीर व संपत्ती यांपुरता मर्यादित असून आत्म्यावर तिला शासन करता येत नाही, असे प्रतिपादन केले. दोनच वर्षांनी जर्मन शेतकऱ्यांच्या उठावाच्या वेळी त्याच ल्यूथरनी रोमकरांस पत्राचा आधार घेऊन उठाव निष्ठुरपणे मोडून काढण्याचे आवाहन राजेरजवाड्यांना केले. आत्मा सुरक्षित ठेवून शरीर सत्तेच्या हवाली करता येते, हा या विभागणीतील धोका तेव्हाच उघड झाला होता.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी प्रयत्न ऑस्कर कुलमान यांचा आहे. नव्या करारातील राज्यसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य आपल्या मर्यादेत असेपर्यंत ते रोमकरांस पत्रातील देवाचे सेवक असते. मर्यादा ओलांडून ते उपासना मागू लागले की ‘प्रकटीकरणा’तील श्वापद होते. म्हणून दोन्ही तेराव्या अध्यायांत विरोध नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ही मांडणी तर्कशुद्ध आहे. परंतु राज्याने मर्यादा केव्हा ओलांडली आणि हे ठरवायचे कोणी, हा खरा प्रश्न तीत शिल्लक राहतो. सेवक आणि श्वापद यांच्यामध्ये बराच मोठा प्रदेश आहे, आणि बहुतेक राज्ये त्या प्रदेशातच नांदतात. तेथील नागरिकाला दोन्ही अध्याय एकाच वेळी हाताशी ठेवावे लागतात. विसंगतीचे उत्तर ठरवून टाकणारा समन्वय त्याच्याकडून त्यांतील एक अध्याय काढून घेतो.

या दृष्टीने दानीएलाचे पुस्तक अधिक प्रामाणिक आहे. नबुखद्नेस्सराला राज्य देवानेच दिले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे (२:३७). पुढच्याच अध्यायात तीन तरुण त्याच राजाच्या मूर्तीपुढे वाकण्याचे नाकारून अग्नीच्या भट्टीत जातात. राजाचा अधिकार देवदत्त आहे आणि त्याची आज्ञा मोडली पाहिजे, ही दोन्ही विधाने ग्रंथकाराला सलग दोन अध्यायांत करता येतात. त्यासाठी कोणतेही स्पष्टीकरण देण्याची गरज त्याला वाटत नाही.

५. वाचनाचा इतिहास : बार्मेन ते सोवेटो

वचन एकच असले तरी त्यातून निघणारी कृती एकच असत नाही, याची साक्ष इतिहास देतो. १७५० मध्ये बोस्टन येथील धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी रोमकरांस पत्राच्या याच उताऱ्यावर प्रवचन केले. जो राज्यकर्ता प्रजेचे हित करीत नाही त्याला पौलाचे वर्णनच लागू पडत नाही, म्हणून त्याच्या अधीन राहण्याचे बंधनही उरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. याउलट १४ जून २०१८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर निर्वासितांची मुले पालकांपासून वेगळी करणाऱ्या धोरणाच्या समर्थनार्थ तोच अध्याय पुढे केला.

जर्मनीतील उदाहरण अधिक बोलके आहे. मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन येथे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या रचनेत कार्ल बार्ट यांचा प्रमुख वाटा होता. राज्यसंस्थेला देवाच्या योजनेत न्याय व शांतता राखण्याचे काम आहे, हे मान्य करून राज्याने मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होण्याचा दावा त्यात फेटाळलेला आहे. या पाचव्या कलमाचा आरंभ पेत्राच्या पहिल्या पत्रातील त्याच वचनाने होतो, ज्यात भय देवासाठी राखलेले आहे. काही दिवसांतच, जून १९३४ मध्ये, अन्सबाख येथून त्याला प्रत्युत्तर देण्यात आले. वेर्नर एलर्ट व पाउल आल्टहाउस या मान्यवर ईश्वरविद्या पंडितांच्या त्यावर सह्या होत्या, आणि त्यात हिटलरसारखा राज्यकर्ता दिल्याबद्दल देवाचे आभार मानलेले होते. दोन्ही पक्ष विद्वान होते, दोन्ही ल्यूथरच्या परंपरेशी परिचित होते. एका पक्षाने ‘दिलेला’ या शब्दात मर्यादा वाचली, दुसऱ्याने आशीर्वाद वाचला. बार्मेनच्या जाहीरनाम्यात यहुद्यांच्या छळाविषयी चकार शब्द नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. राज्याची मर्यादा चर्चच्या कुंपणापाशी सुरू होते, असे समजणाऱ्या वाचनाची ती उणीव होती.

दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर १९८५ मध्ये ‘कैरोस दस्तऐवज’ प्रसिद्ध झाला. जुलैमध्ये देशाच्या अनेक जिल्ह्यांत आणीबाणी जारी झाली होती. वर्णभेदी राजवटीच्या १९८३ च्या राज्यघटनेची सुरुवात सर्वसमर्थ देवापुढील नम्रतेच्या घोषणेने होत होती, आणि त्याच घटनेने बहुसंख्य कृष्णवर्णीयांना संसदेबाहेर ठेवले होते. सोवेटोतील धर्मसेवकांच्या बैठकांतून आकाराला आलेल्या या दस्तऐवजावर सुमारे दीडशे जणांच्या सह्या होत्या. त्याने ईश्वरविद्येचे ‘राज्याची’, ‘चर्चची’ आणि ‘संदेष्ट्यांची’ असे तीन प्रकार पाडले, आणि राज्याच्या ईश्वरविद्येची पहिली खूण म्हणून रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा गैरवापर दाखविला.

दस्तऐवजाचा एक युक्तिवाद असा की, ख्रिस्ती माणसाला आता कोणत्याच सत्तेचे बंधन नाही, असे मानणारे लोक रोमच्या मंडळीत होते आणि पौल त्यांना उत्तर देत आहे. हा युक्तिवाद कच्चा आहे, कारण पत्रात अशा लोकांचा स्पष्ट उल्लेख नाही. त्याचा दुसरा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. इजिप्तचा फारो, बाबेलचे राजे, रोमचे सम्राट अशा जुलमी सत्तांची चित्रे ज्या ग्रंथात आहेत, त्यातून एकच उतारा काढून त्याला सर्वकाळासाठी निरपवाद सिद्धांत बनविणे हा त्या ग्रंथाचा विपर्यास आहे, असे दस्तऐवज दाखवितो. हा मुद्दा कोणत्याही काल्पनिक पार्श्वभूमीवर अवलंबून नाही. तो ग्रंथाच्या समग्रतेवर उभा आहे.

६. धर्मसत्तेपुढे तोच प्रश्न

पेत्राने ज्या न्यायसभेपुढे देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली ती राजसत्तेची कचेरी नव्हती. ती धर्मपुढाऱ्यांची सभा होती. म्हणून हे वचन चर्चलाही लागू होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या जातात (१६:१९), आणि त्याच ग्रंथात शिष्यांनी पृथ्वीवर कोणाला पिता वा गुरू म्हणू नये, असेही बजावले जाते (२३:८-१०). राज्याविषयीची विसंगती येथे धर्मसंस्थेविषयी पुन्हा भेटते.

या प्रश्नाला महाराष्ट्रातील एका व्यक्तीने दिलेले उत्तर जागतिक महत्त्वाचे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर चेल्टनहॅम येथे शिकत व शिकवीत असताना सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. चर्चच्या अधिकाऱ्यांच्या मताला देवाच्या इच्छेचा दर्जा द्यावा, अशी सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा हिंदुस्थानातील बिशपांचा सल्ला होता. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच मानेवरून उतरविल्यावर दुसरे तसेच जू घेण्यास आपण तयार नाही, देवाच्या वचनाचे बंधन मात्र आपण मानतो, अशी रमाबाईंची भूमिका होती.

या वादाला एक पदर आणखी आहे. सिस्टर जेराल्डिन यांच्या लेखी रमाबाईंचा प्रश्न अहंकाराचा होता. वसाहतीच्या काळात गोऱ्या धर्मसेविकेपुढे एका हिंदी स्त्रीने धर्मग्रंथ स्वतः वाचण्याचा हक्क सांगणे हेच अधिकाराच्या उतरंडीला आव्हान होते. रमाबाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या मराठी वाचकाला, विशेषतः स्त्रियांना, कळेल अशी भाषा वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. वचनाचा अर्थ सांगण्याची मक्तेदारी मोडण्याचा याहून शांत आणि याहून परिणामकारक मार्ग सांगता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) ख्रिस्ती धर्मग्रंथात सत्तेविषयी परस्परविरोधी वचने आहेत, हे मान्य केले पाहिजे. ती वेगवेगळ्या काळांतील व परिस्थितींतील असली, तरी संपादकांनी आणि परंपरेने ती शेजारी शेजारी राहू दिली आहेत.

२) या वचनांमागील समान कल्पना ‘दिलेला अधिकार’ ही आहे. दिलेला अधिकार मर्यादित, सहेतुक आणि परत घेण्याजोगा असतो. त्यामुळे अधिकाराचे मूळ दैवी मानणारे विधान सत्ताधाऱ्याला जबाबदारीतून मुक्त न करता अधिक जबाबदार ठरविते.

३) सत्तेची कसोटी ग्रंथाने स्वतःच सुचविली आहे. ती ‘घेते’ की ‘हितासाठी सेवा करते’, आणि केवळ मान मागते की भय व उपासनाही मागते, हे पाहावयाचे आहे.

४) ही कसोटी लावण्याचे काम ग्रंथ वाचकावर सोडतो, आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावयास लावतो. प्रेषितांना फटके बसले, तीन तरुण भट्टीत टाकले गेले. अवज्ञा उघडपणे करणे आणि तिचे परिणाम स्वतः भोगणे, ही या कथांतील अवज्ञेची रीत आहे. येहूच्या तलवारीविषयी ग्रंथाचा स्वतःशीच मतभेद आहे.

अन्सबाखच्या पंडितांना बायबल ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांना ते उत्तम ठाऊक होते. फक्त त्यांच्या मेजावर रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडलेला होता आणि ‘प्रकटीकरणा’चा तेरावा अध्याय मिटलेला होता. धर्मग्रंथातील विसंगतीचे मोल अशा वेळी कळते. एका वचनावर बोट ठेवून जेव्हा सत्ता आज्ञापालन मागते, तेव्हा त्याच ग्रंथातील दुसरे वचन तिला तिचा दाता कोण, असे विचारते. हा प्रश्न विचारता यावा म्हणून ते दुसरे वचन तेथे असणे आवश्यक आहे. समन्वयाच्या नावाखाली ते पुसून टाकणाऱ्या समर्थकाने, आणि दोष म्हणून त्याची थट्टा करणाऱ्या टीकाकाराने, एवढे तरी ध्यानात घेतले पाहिजे.